तुझ्यावर माया कोण करतं? लहान पोरांशी प्रेमाबद्दल बोलायचं कसं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीतली गोष्ट. निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या लेकी आळीपाळीनं झोके घेत होत्या अन् माझ्या भाचीची साडेचार वर्षांची पोरगी माझ्या मांडीवर बसलेली. मी सहज विचारलं, "तुझी मम्मी तुझ्यावर प्रेम करते का गं?" तिनं मान हलवली, पण मोठ्यांनी काही विचारलं की हो म्हणायचं असतं तसली ती मान होती, तिचं लक्ष झोक्याकडंच. मग मी विचारलं, "मम्मी तुझ्यासाठी काय काय करते?" आणि पोरगी जी सुटली! बट्टी चुरून देते, वरण गरम असलं की फुंकते, आधी स्वतः चाटून बघते, "तिचं तोंड भाजतं, माझं नाही भाजत."

मी सतरा वर्षं बालवाडी घेते, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, तीन ते सहा वयाची पोरं. या सतरा वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीये, की लहान पोराला प्रेम हे काम म्हणून कळतं, कोणीतरी कोणासाठी केलेलं. भावना बिवना नंतर. म्हणून तुम्ही "प्रेम म्हणजे काय" असं विचारलं तर पोर गप्प बसतं नाहीतर टीव्हीवरचं काहीतरी बोलतं, आणि "कोण काय करतं" विचारलं तर असं काही सांगतं की आपण दोन दिवस तेच आठवत राहतो. हे विचारायचं कसं, ऐकायचं कसं अन् ऐकल्यावर घरात काय बदलायचं ते मी जसं करत आले तसं सगळं सांगते. आईबापांना, आजी-आजोबांना, नव्या अंगणवाडी ताईंना, सगळ्यांना उपयोग होईल.

आधी शब्द बघा

प्रेम हा शब्द आपल्या घरात कोणी बोलतच नाही. तो सिरीयलमध्ये आहे, म्हणून पाच-सहा वर्षांच्या पोरांना विचारलं की ती तोंडावर हात ठेवून हसतात अन् सांगतात "प्रेम म्हणजे लगीन." त्यांची चूक नाही, त्यांनी तो शब्द तिथंच ऐकलाय. आपल्याकडं घरात चालतात ते शब्द म्हणजे माया, जीव लावणं, लाड, आवडणं. यातही फरक आहे. "आवडतं" हे पोराला केळ्यालाही लागतं आणि मामालाही, त्यामुळं "तुला कोण आवडतं" विचारलं की उत्तर येतं "शेवभाजी". "लाड" म्हणजे खाऊ, खेळणं, खांद्यावर बसवणं. "जीव लावणं" हे पाचच्या पुढं थोडं थोडं कळायला लागतं. "माया" मात्र सगळ्यात जवळचा शब्द, कारण आजी म्हणते, "ये इकडं, माया करते तुझी," अन् डोक्यावरून हात फिरवते, म्हणजे शब्द आणि हात एकत्रच येतात.

आणि घरची बोली कोणती ते बघा, हे फार महत्त्वाचं आहे. माझ्याकडं एक पोरगा होता, चार वर्षांचा, वर्गात तीन महिने तोंड उघडलं नाही त्यानं, मला वाटायला लागलं याला ऐकू तरी नीट येतं की नाही. एक दिवस मी त्याच्या शेजारी बसून अहिराणीत विचारलं, "तुले कोन जीव लावस रे?" तर पोरगा लगेच म्हणाला, "मनी मोठी माय. रातले गोधडी टाकस." एवढंच. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला. जळगाव, यावल, भुसावळकडं लेवा बोली असेल, सातपुड्याकडं भिली किंवा पावरी, जी घरात असेल तिच्यातच विचारा, आणि तुम्हाला येत नसेल तर ज्याला येते त्याला शेजारी बसवा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडं बोर्डी अन् नंतर कोसबाडला काम केलं तेव्हा पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पोरांच्या अंगणात नेली होती, अंगणवाडी हे नाव तिथूनच आलं. शब्दांचंही तसंच करायचं, पोराच्या अंगणात आपण जायचं.

कोणत्या वयाला काय कळतं

हे माहीत नसलं की आपण उगाच वाईट वाटून घेतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दीड वर्षाचं पोर बोलत नाही नीट, पण समोरच्याला काय हवंय हे त्याला कळायला लागलेलं असतं. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक या दोघींचा १९९७ चा एक प्रयोग आहे. पोरासमोर दोन वाट्या, एकीत बिस्किटं, दुसरीत ब्रोकोली. बाई ब्रोकोली खाऊन वाह वाह करते, बिस्किट खाऊन तोंड वाकडं करते, मग हात पुढं करून म्हणते मला दे. चौदा महिन्यांची पोरं आपल्याला आवडतं ते बिस्किटच द्यायची, पण अठरा महिन्यांची पोरं बाईला आवडलेली ब्रोकोली द्यायची. स्वतःला नको ती गोष्ट दुसऱ्याला हवी असू शकते हे दीड वर्षात कळतं! तुमचं दीड वर्षाचं पोर आजोबांची काठी ओढत ओढत आजोबांकडं नेतं ना, ते हेच.

तीन वर्षांच्या पोराची गंमत वेगळी. पियाजे नावाचे स्विस शास्त्रज्ञ होते, त्यांनी दोन ते सात या वयाचा वेगळा टप्पा मांडला, या टप्प्यात पोर डोळ्याला दिसतं त्यावरून आणि स्वतःच्या जागेवरून विचार करतं. त्यामुळं तीन वर्षांच्या पोराला विचारलं "मम्मी तुझ्यावर माया करते हे तुला कसं कळतं", तर "कसं कळतं" हा भागच त्याच्या डोक्यात शिरत नाही, ते "मम्मी" एवढंच ऐकतं आणि मम्मीचं काहीतरी सांगतं, मम्मीची साडी लाल आहे, मम्मी शेतात गेली. ते उत्तर चुकलेलं नाही बरं का. लाल साडीला धरून तर ते झोपतं.

आणि अजून एक. ऑस्ट्रियातले विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये पोरांना एक गोष्ट सांगितली, की एका मुलानं चॉकलेट एका कपाटात ठेवलं आणि खेळायला गेला, मागून आईनं ते दुसऱ्या कपाटात ठेवलं, आता मुलगा येऊन कुठं शोधेल? तीन वर्षांची पोरं बहुतेक म्हणतात दुसऱ्या कपाटात, कारण त्यांना स्वतःला माहीत आहे ना चॉकलेट कुठंय ते. चार-पाचच्या दरम्यान पोरं बरोबर सांगायला लागतात. याचा आपल्या विषयाशी काय संबंध म्हणाल तर मोठा आहे. तीन वर्षांच्या पोराला वाटतं की मला जे माहीत ते मम्मीलाही माहीतच असणार, त्यामुळं "मला तुझी आठवण आली" हे ते सांगत नाही, तुम्ही दिवसभर कापूस वेचून घरी आलात की ते सरळ तुम्हाला मारतं नाहीतर तुमचा डबा फेकतं. ते पोर रागीट नाही. त्याला वाटतं तुम्हाला माहीत होतं, तरी आला नाहीत.

चार-पाच वर्षांत वाटून घेणं, भांडण, मैत्री हे सगळं येतं. या वयाचा मित्र म्हणजे आत्ता जवळ बसलेला अन् ज्याच्याकडं चेंडू आहे तो, संध्याकाळी दुसरा. मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करणारे रॉबर्ट सेलमन यांनीही या वयाच्या मैत्रीला क्षणापुरते सवंगडी असंच म्हटलंय. त्यामुळं "ती माझी मैत्रीण नाही" यावर आयांनी एकमेकींशी बोलणं बंद करू नये, आमच्याकडं असं झालेलं आहे.

सहा-सातला मात्र पोर न दिसणारी माया सांगायला लागतं. "मम्मी शेतात असली तरी तिला माझी आठवण येते." आणि एकाच माणसाचा राग आणि त्याच माणसाची माया, दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे साधारण सातच्या पुढं नीट सांगता येतं, त्याच्या आधी ज्या क्षणी राग त्या क्षणी सगळा रागच.

कधी आणि कुठं विचारायचं

समोर बसवून विचारू नका, परीक्षा वाटते. हात कामात असले की पोराचं तोंड मोकळं होतं, हे मी शंभर वेळा बघितलंय. शेंगा फोडायला बसवा, वालाच्या नाहीतर भुईमुगाच्या, मधे सूप ठेवा, तुमचे डोळे शेंगांवर, त्याचेही शेंगांवर. मे महिन्यात आपल्याकडं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी कोणी बाहेर पडत नाही, लाईट गेलेली असते, ती दुपार फार चांगली. रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की ती वेळही चांगली. वाईट वेळ म्हणजे पाहुणे बसलेले असताना, जेवणाच्या आधी भूक लागलेली असताना, आणि मोबाईल समोर धरून तर कधीच नाही. रेकॉर्डिंग चालू आहे हे पोराला लगेच कळतं अन् मग ते तुम्हाला हवं ते बोलतं.

काय विचारायचं

मी वापरते ते प्रश्न देते, सगळे एका दिवशी विचारू नका, आठवड्यात एखादा खूप झाला.

रात्री तुला भीती वाटली तर तू कोणाजवळ सरकतो? तू पडला तर आधी कोणाला सांगतो? तुझ्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? (हा प्रश्न विचारून बघाच, पोरांना बरोबर माहीत असतं.) आजी रुसली तर तिला परत हसवायला काय करावं लागतं? तुझ्याकडं दोन केळी असली तर एक कोणाला देशील, अन् एकच असलं तर? आपल्या गायीला कसं कळतं की वासरू तिचंच आहे? कुत्र्याच्या पिल्लाला माया करायची तर काय काय करशील?

प्राण्यांचे प्रश्न सगळ्यात भारी चालतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात मातीचे बैल करतो, माती मळून प्रत्येक पोर एक जोडी करतं, आणि मग मी नुसतं विचारते, "हा बैल आजारी पडला, आता हा दुसरा काय करेल?" स्वतःच्या घरातलं जे पोर सरळ सांगत नाही ते बैलांच्या तोंडून सांगतं. एका पोरानं एक बैल दुसऱ्याला चिकटवून ठेवला, एवढा की माती एक झाली, आणि म्हणाला "हा त्याला सोडून शेतात जाणार नाही." त्याची आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. मी काही विचारलं नाही, ती जोडी तशीच चिकटलेली वाळवली अन् त्याला घरी दिली.

विचारल्यावर गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड आहे. मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या सेकंदाला म्हणतो "सांग ना, मम्मी तुला खाऊ देते ना, मग?" आणि झालं, उत्तर आपणच दिलं. पोर उत्तर शोधत असतं, त्याला टाईम लागतो. आणि उत्तर कितीही गमतीचं आलं तरी त्याच्यासमोर हसू नका, दुसऱ्याला बोलावून "परत सांग रे काय म्हणालास" असं करू नका. एकदा तसं केलं की पोर पुढच्या वेळी गंमत करण्यासाठी बोलतं, खरं बोलत नाही.

चित्रं काढायला द्या, पण चित्रावरून डॉक्टरसारखे अर्थ काढत बसू नका. पप्पाला कोपऱ्यात काढलं म्हणजे पप्पावर राग असं काही नसतं, कधी कधी कागदावर जागाच उरलेली नसते. चित्र दाखवून "हे कोण, ते काय करतायत" एवढंच विचारा.

आणि लिहून ठेवा. वही करा एक, तारीख, पोराचं वय, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, अहिराणी असेल तर अहिराणी, तोतरं असेल तर तोतरं. "आई मला खूप जीव लावते" असं सुधारून लिहिलं की ते तुमचं झालं. वही कपाटात ठेवा, स्टेटसला टाकू नका. पोरानं तुम्हाला एकट्याला सांगितलेलं असतं ते.

उत्तर आलं, आता काय

बापांची एक तक्रार नेहमी येते. पोराला विचारलं पप्पा माया करतात का, तर पोर म्हणतं "हो, कुरकुरे आणतात." बापाचं तोंड उतरतं, एवढं राबतो अन् पोराला कुरकुरेच दिसतात. पण थांबा, अजून एक प्रश्न विचारा, "कुरकुरे आणल्यावर मग काय करतात?" मी हे विचारलं तेव्हा एका पोरीनं सांगितलं, "मग पाकीट दातानं फोडतात, अन् एक मला एक त्यांना, एक मला एक त्यांना, अन् शेवटचं मला." आता बघा यात कुरकुरे किती आणि पप्पा किती. पहिलं उत्तर नेहमी वस्तूचं येतं, दुसरा प्रश्न विचारला की वस्तूमागचं माणूस बाहेर येतं. म्हणून नियमच करा, प्रत्येक उत्तरावर एकदा "मग?" विचारायचं.

नुसतं पोट भरण्यानं माया पुरी होत नाही हे शास्त्रज्ञांनी माकडाच्या पिल्लांवर बघितलंय. हार्लो नावाच्या अमेरिकन माणसानं १९५८ मध्ये मांडलं ते, पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली तरी पिल्लं दूध पिऊन लगेच कापडाच्या आईला जाऊन बिलगायची अन् दिवसाचा बहुतेक वेळ तिथंच. त्या पिल्लांना खऱ्या आयांपासून तोडलं होतं, वाचताना जीव कळवळतो, पण त्यातून जे कळलं ते विसरू नये. आमच्या वहीतही बघा, फुंकणं, गोधडी टाकणं, पाठ खाजवणं, केस विंचरताना न ओढणं, हीच उत्तरं सगळ्यात जास्त. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही बघायचे, तिथं पोरांना उपदेश करण्याआधी ते पोरांची कामं गुपचूप स्वतः करून ठेवायचे हे आमच्या आजोबांच्या पिढीनं खूपदा सांगितलंय. पोरांच्या लक्षात तेच राहिलं.

आता सुरतवाल्या बापांबद्दल बोलते, कारण आपल्या खान्देशात हे घरोघरी आहे. कोणी सुरतला, कोणी नाशिक-पुण्याला कंपनीत, कोणी उसतोडीला, आणि पोर आजी-आजोबांकडं. इथं सगळ्यात मोठी चूक होते ती निघताना. पोर रडेल म्हणून ते झोपलेलं असताना गुपचूप निघून जातात. घरची मंडळीही म्हणतात जा, झोपलंय तोवर जा. माझ्या वर्गातल्या एका पोरीचे पप्पा असे पहाटेच्या गाडीनं गेले, त्यानंतर महिनाभर ती दुपारी झोपायची नाही. सगळी पोरं आडवी झाली तरी ही भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटायला लागले की मान झटकून परत उघडायची. मी विचारलं का गं झोपत नाहीस, तर म्हणाली, "झोपलं की माणसं जातात."

तेव्हापासून मी प्रत्येक बापाला हात जोडून सांगते, सांगून जा. रडू दे. रडणं परवडतं. मेरी एन्सवर्थ म्हणून बाई होत्या, आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणारे जॉन बोल्बी यांच्यासोबत काम केलेल्या, त्यांनी वर्षाच्या आसपासच्या पोरांना आईसोबत एका अनोळखी खोलीत बसवलं, आई थोडा वेळ बाहेर जायची अन् परत यायची. त्यांचं जास्त लक्ष आई गेल्यावर पोर किती रडतं याच्यापेक्षा आई परत आल्यावर पोर काय करतं याच्याकडं होतं. जे पोर आईकडं धाव घेतं, कुशीत शांत होतं अन् परत खेळायला लागतं त्याला आई येते याचा भरवसा आहे. म्हणजे सगळा प्रश्न भरवशाचा आहे.

तर करायचं काय ते सांगते. आदल्या दिवशी सांगा, उद्या सकाळी पप्पा जाणार. बॅग भरताना पोराला एक वस्तू बॅगेत टाकू द्या, काहीही, खडू असो नाहीतर मोजा. परत कधी येणार हे तारखेनं सांगू नका, त्याला तारीख कळत नाही, सणानं सांगा, पोळ्याला, कानबाईला, दिवाळीला, अन् ज्या सणाला सांगितलं त्या सणाला याच, जमणार नसेल तर तो सण सांगूच नका. व्हिडिओ कॉलची वेळ एक ठेवा, रोज पाच मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या पोरांना स्क्रीन नकोच असं सांगितलं तेव्हाही व्हिडिओ कॉलला सूट ठेवली होती, कारण पलीकडं खरं माणूस असतं अन् ते उत्तर देतं. पण कॉलवर "जेवला का, अभ्यास केला का, आजीला त्रास देतो का" असं विचारू नका, पोर पळून जातं. पप्पांनी स्वतःची खोली दाखवावी, डब्यात काय आहे ते दाखवावं, तो बॅगेतला खडू दाखवावा. एका पोराचे पप्पा रोज कॉलवर तो मोजा हाताला घालून बोलायचे, बाहुलीसारखा. पोरगा सकाळी येऊन मला मोज्याचंच सांगायचा.

अवघड उत्तरं

"तू घाण आहेस, मला नाही आवडत तू." हे प्रत्येक आईला ऐकावं लागतं. पुन्हा सांगते, सातच्या आत राग आला की सगळा रागच असतो, त्यामुळं हे कायमचं मत समजू नका. "मलाही तू नाही आवडत मग" असं उलट बोलू नका, पोराला ते खरं वाटतं. "तुला राग आलाय. मी इथंच बसलेय." बस.

"बाळ आलं तर मम्मीची माया संपली." पोराला माया भाकरीसारखी वाटते, एकानं खाल्ली की कमी होते. "माया वाटून कमी होत नाही" हे त्याला सांगून पटत नाही, मी खूप प्रयत्न करून सोडून दिलं. त्यापेक्षा दिवसाची दहा मिनिटं फक्त त्याची ठेवा, बाळ आजीकडं द्या, दार लोटा, आणि त्याला सांगा ही तुझी दहा मिनिटं. तसंच बाळाचं एक काम पूर्ण त्याचं करा, पावडरचा डबा आणणं नाहीतर पाळण्याची दोरी ओढणं, अन् ते काम दुसऱ्या कोणी केलं तर त्याची परवानगी घ्या.

आजी गेली आणि पोर विचारतं, आजी आता माझ्यावर माया करते का? झोपली, गावाला गेली असं सांगू नका, मग ते झोपायला घाबरतं नाहीतर गाडीची वाट बघत बसतं. पाच-सहाच्या आत मेलेलं माणूस परत येत नाही हे नीट कळत नाही, त्यामुळं तेच परत परत विचारेल, परत परत तेच खरं उत्तर द्या. आणि आजी करायची ते एखादं काम घरात चालू ठेवा. एका घरात आजी रोज कळणाच्या भाकरीचा पापुद्रा काढून नातीला द्यायची, आता तिची आई देते अन् देताना म्हणते "हा आजीचा." मला ते फार पटलं.

"पप्पा मारतात कारण ते माया करतात." हे उत्तर आलं की मला रात्री झोप लागत नाही. हे पोरानं कुठून तरी ऐकलेलं असतं, "तुझ्या भल्यासाठीच मारलं." कृपा करून हे वाक्य बंद करा. मार आणि माया एका वाक्यात आली की पोर मोठेपणीही तसंच जोडतं, सासरी मार खाणाऱ्या मुलीच्या तोंडी मी हेच वाक्य ऐकलंय. हात उचलला गेला असेल तर नंतर पोराजवळ जाऊन सांगा, "मी मारलं ते चुकलं." बापानं सांगितलं तर अजून चांगलं.

आणि कधी पोर असं काही बोललं की कोणीतरी "माया करतो" म्हणून नको तिथं हात लावतं, किंवा "कोणाला सांगू नको" म्हणतं, तर तिथं पुढचे प्रश्न विचारून पोराला खोदू नका, ओरडू नका, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, त्याचे शब्द लिहून ठेवा आणि १०९८ ला फोन करा, मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, फुकट लागतो. घरातलाच माणूस असला तरी करा.

याच्याशीच जोडलेलं, पाहुण्यांना पापा देण्याची जबरदस्ती बंद करा. "फुईला (आत्याला) पापा दे, नाही दिला तर फुई रुसेल." पोराला नको असेल तर नको, ते हात जोडून नमस्कार करेल नाहीतर टाळी देईल. फुईलाही आधी सांगून ठेवा म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. नको म्हटलेलं ऐकलं जातं हे पोराला घरातच कळायला हवं.

आणि "आई जास्त आवडते का पप्पा?" हा प्रश्न. आपल्याकडं प्रत्येक पाहुणा हा विचारतो अन् सगळे हसतात. पोराचं तोंड बघितलंय का तेव्हा? ते आधी आईकडं बघतं, मग बापाकडं, मग खाली. जो जवळ बसलाय त्याचं नाव घेतं. तीन-चार वर्षांत पोर खुशामत शिकतं ते इथून. पाहुण्यानं विचारलंच तर तुम्ही मधे पडा, "त्याला दोघंही लागतात," आणि पोराला बाहेर खेळायला पाठवा.

पोर माया करतं ती घ्या

शेवटचं काम. पोर आपल्याला जे देतं ते घ्यायला शिका. ओला झालेला अर्धा बिस्कीट, दगड, पीस, बाटलीचं झाकण. आपण "अरे टाक ते" म्हणतो. मीही केलंय. चार वर्षांपूर्वी एका पोरीनं मला चिंचोका दिला होता, मुठीत धरून धरून घामेजलेला, मी घेतला अन् झाडताना गेला कुठं तरी. दोन महिन्यांनी, गुलाबाईचा सण चालू होता तेव्हा, खाऊ वाटता वाटता ती पोरगी थांबली अन् म्हणाली, "ताई, माझा चिंचोका दाखव." मी म्हटलं हरवला गं. ती काही बोलली नाही, खाऊ वाटत राहिली, पण माझ्या हातावर ठेवायचा खाऊ तिनं दुसऱ्या पोरीला दिला.

आता माझ्या टेबलाच्या खणात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. जे मिळेल ते कागदात गुंडाळायचं, वर पोराचं नाव आणि तारीख, अन् ते पोर पहिलीला जाताना त्याच्यासोबत बसून डबा उघडायचा. यंदा एकोणीस पुड्या आहेत. त्यातल्या एकीत साखरेचा दाणा आहे, तो देताना पोरगा म्हणाला होता मुंगीच्या तोंडातून काढून आणला, म्हणून त्या पुडीवर मी मुंगीचं नावही लिहिलंय, जे त्यानंच ठेवलं होतं.